कापलेला काळा दोरा

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. नर्सिंगला असताना माझी ड्युटी लहान मुलांच्या वॉर्डात होती. एकदा केनवड गावची एक बाई जुलाबानं गळून गेलेलं लेकरू घेऊन आली. सलाईन लावताना सिस्टरनं त्याच्या मनगटावरचा काळा दोरा कात्रीनं कापून कचऱ्यात टाकला. आईला एका शब्दानं विचारलं नाही.

"काहून कापला? सासूनं बांधला व्हता," म्हणत बाई लेकराला उचलून निघालीच.

"जाय मंग, दोराच पाजजो त्याले," सिस्टर म्हणाली.

माझं डोकं सणकलं. घरच्यांना सोबत घेऊन उपचार करा, हे आम्हाला परीक्षेत लिहायला लावणारे हेच लोक. मी बाईला दारात गाठलं. "थांब ताई. सलाईन हाताले लावू, दोरा पायाले बांध." माझ्या पिशवीतला शिवणाचा काळा दोरा तिला दिला. तिनं तो बांधला आणि लेकराला मांडीवर घेऊन बसली. सलाईन सुरू झालं.

"खेड्यातल्या पोरी," सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाली, "शिकल्या तरी अंधश्रद्धा सोडत नाहीत."

"खेड्यातलीच आहे मी," मी म्हटलं. "म्हणून लेकरू वॉर्डात आहे. तुमच्या कात्रीनं ते घरी चाललं होतं."