पाया पडायला वाकलो तेव्हा

दुपारी अमेरिकेत मुलाच्या घरी आम्ही दोघं मेथी निवडत होतो. "देठं टाकताय की पानं?" बायको माझ्यावर खेकसली. तेच तिचं शेवटचं बोलणं; तिथंच ती कोसळली. संध्याकाळी त्याच गावच्या, नोव्हायच्या हॉस्पिटलात ती गेली.

मी चपला काढून तिच्या उशाशी बसलो. डोळ्यांत टिपूस येत नव्हतं. तेवढ्यात जांभळ्या शर्टातले एक उंच, म्हातारे गोरे गृहस्थ आले. माझे अनवाणी पाय बघून त्यांनी दारातच बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

मुलगा म्हणाला, "बाबा, हे बिशप. आधी मोटारीच्या कारखान्यात होते, मग पाद्री झाले, मग कितीतरी चर्चचे प्रमुख. रिटायर झालेत, तरी पेशंटना भेटायला येतात."

एवढा मोठा माणूस! मी पाया पडायला वाकलो. मी कोसळतोय असं वाटून त्यांनी मला घट्ट धरलं, ते सोडलंच नाही. मग हळू आवाजात काही बोलले. मराठीत सांगताना मुलगा अडखळला. "म्हणतात, माझी बायको गेली तेव्हा सगळ्यांनी मलाच प्रार्थना सांगायला लावली. मला कुणी रडूच दिलं नाही. तुम्ही रडा."

मी त्यांच्या खांद्यावर मोठ्यानं रडलो. त्यांनी देवाचं नावसुद्धा काढलं नाही. असा माणूस मी जन्मात पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा उठल्यापासून फोनवर होता. याला कळव, ते कॅन्सल कर. मला म्हणाला, "बाबा, धीर धरा."

"गप. ठेव तो फोन," मी म्हटलं. त्याला छातीशी ओढलं आणि त्याचा हुंदका फुटेपर्यंत सोडलं नाही.