बुडखा वर, शेंडा खाली

ही गोष्ट मी आजवर कोणाजवळ काढली नाही. बायकोजवळ नाही, देवाजवळही नाही. त्याच्यापुढं तर मी जास्तच गप्प बसतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या गावचे नाही, एवढंच असेल.

माझं नागभीडला लाकडाच्या खरादीचं दुकान आहे. लाटणी, पलंगाचे पाय तर कोणीही करतो. माझं नाव झालं ते मोठ्या खांबांवर. आठ-नऊ फुटांचा सागवानी ओंडका मशीनवर आडवा चढवायचा, मोटर सुरू करायची, आणि तो गरगर फिरत असताना लांब दांड्याची पटाशी लावून त्याला गोल आणायचं. चढवायलाच चार माणसं लागतात. सुरुवातीला वेडावाकडा ओंडका असा धडधडतो की छातीत हादरे बसतात. मग हळूहळू गोल येतो, आवाज मऊ होतो. तो मऊ झाला की मला वाटायचं, आपल्यासारखा मिस्त्री तालुक्यात नाही. लोकही तसं म्हणायचे. मी नको नको म्हणत ऐकून घ्यायचो.

आमच्याकडे खांबाचा एक नियम आहे. झाड रानात जसं उभं होतं तसंच घरात उभं राहिलं पाहिजे — बुडखा खाली, शेंडा वर. उलटा खांब लागला तर घर उलटं होतं, म्हणतात. मी हे मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो. पण खांब माझ्या घरात थोडाच लागणार होता?

महादूभाऊ जवळच्याच गावचे, धानाची शेती. धाकट्या मुलाचं, प्रवीणचं, लग्न ठरलं म्हणून त्यांनी जुन्या घराची डागडुजी काढली होती. ओसरीच्या मधल्या खांबासाठी त्यांनी बांधावरचा साग तोडून आणला. वडिलांच्या हातचं झाड. बुडख्याला स्वतः गेरूची खूण केली. ट्रॅक्टरवरून ओढून उतरवताना ती खूण पुसली गेली. दोन्ही टोकं जवळपास सारखीच जाड. माणसांनी विचारलं, मोटरकडं कोणतं टोक घ्यायचं? कारण खांबाच्या तळाचा घडा, तो घागरीसारखा फुगवटा, मी नेहमी मोटरच्या बाजूला काढतो. मी वाकून पाहिलंही नाही. ‘हे’ म्हणालो. मला खूण कशाला लागते?

घडा कोरून झाला, वरची कडी झाली, आणि शेवटचा हात मारताना फांदीची एक गाठ उघडी पडली. फांदी नेहमी वरच्या अंगाला झुकून फुटते. ही घड्याकडं झुकलेली होती. म्हणजे मी शेंड्याला तळ केला होता. मी आधी आजूबाजूला पाहिलं, कोणी बघतंय का — खोटं का बोलू? काळजी पडली ती माझ्या नावाची, महादूभाऊंच्या घराची नाही.

सांगता आलं असतं. त्यांनी दुसरं झाड तोडलं असतं, मला चार शब्द ऐकवले असते. बस. त्याऐवजी मी गाठीवर लाखेत भुसा कालवून भरला आणि वरून गडद पॉलिश मारलं. हळद-कुंकू आणि नारळ घेऊन महादूभाऊ खांब न्यायला आले. तळाच्या घड्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, “बुडखा हाच हाये ना, मिस्त्री?”

मी हो म्हणालो. एवढंच नाही, खांब बसवायला स्वतः गेलो आणि गाठीची बाजू भिंतीकडं करून दिली.

त्याच महिन्यात लग्न झालं. सून मुलचेऱ्याकडची, वैशाली. प्रवीण राजुऱ्याकडं कोळशाच्या खाणीत कंत्राटावर होता, शनिवारी मोटरसायकलनं घरी यायचा. लग्नाला चार महिने होत नाहीत तोच एका शनिवारी ट्रकनं त्याला उडवलं. जागीच गेला.

तेरवी होईपर्यंत गावात शब्द फिरला होता — पांढऱ्या पायाची.

त्यानंतर महादूभाऊ माझ्या दुकानात आले. काम काहीच नव्हतं. भुशाच्या ढिगाजवळ स्टुलावर बसले. मग म्हणाले, “घरात यंदा दोनच गोष्टी नव्या आल्या, मिस्त्री. एक तुहा खांब अन् एक सून. खांबात त खोट नाई. तुह्या हातचा हाये.”

ते थांबले. मी काही बोलावं म्हणून थांबले होते का? आजही मला तसंच वाटतं. सुनेला घालवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. दुसरं कारण कुठं मिळतं का, ते शोधायला ते माझ्याकडं आले होते. आणि ते कारण माझ्याजवळ होतं. त्या खांबानं कोणाला मारलं नाही, हे मला कळतं. मारलं ते ट्रकनं. पण दोष कोणावर तरी पडणारच होता, तर लाकडावर पडला असता. खांब उपटून जाळला असता, गावानं मला शिव्या घातल्या असत्या. लाकडाला माहेरी जावं लागत नाही.

मी चहा मागवला. आठ दिवसांनी तिला माहेरी पोचवून आले.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, मागच्या थंडीत, वैशाली दुकानात आली. केस पिकायला लागलेत. नागभीडलाच एका खानावळीत पोळ्या लाटते, म्हणाली. लाटणं करून हवं होतं. मी ओळख दाखवली नाही, तिनं दाखवली.

“तुमच्या हातचा खांब होता आमच्या घरी, भाऊ. मी रोज तेलाच्या फडक्यानं पुसो त्याले. लय देखणा होता.” मग मशीनवरच्या ओंडक्याकडं बघत म्हणाली, “घर चांगलंच होतं जी. माहाच पाय खराब.”

कोणी शिकवलेलं बोलत नव्हती. तिला ते खरंच वाटत होतं. दुकानात आम्ही दोघंच होतो. मोटर बंद होती. एक वाक्य पुरलं असतं.

मी कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, लाटणं केवढं पाहिजे.