होडीतले घोडे

आपांनी दारातूनच सांगितलं, "पंधरा तारखेचं तिकीट काढलं गो बाय. आता तुझा राजा लवकर मार."

ओमानमधल्या सीबला मुलीकडे राहायला येऊन मला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. दोन हजार चौदाचा सुमार असेल. आपा समोरच्या फ्लॅटमधल्या, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठ्या, रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावच्या. त्यांचे यजमान इथल्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, कापडाच्या दुकानावर तीस-पस्तीस वर्षं उभे होते. दुकानाचा अर्बाब, म्हणजे मालक, म्हातारा झाला, त्याच्या मुलांना कापडात रस नव्हता, दुकान खलास, आणि दुकानाबरोबर व्हिसाही. महिन्याभरात कायमचं गावी जायचं होतं. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं, सोफ्यावर पाय वर घेतले आणि म्हणाल्या, "हां. वाच."

राजा म्हणजे माझ्या कादंबरीतला. तिची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, आणि सांगायची तर तेवीस वर्षांच्या एका शहाणीची ओळख करून द्यावी लागेल. ती शहाणी म्हणजे मीच.

सोलापुरात राहणाऱ्या त्या मुलीला ऐतिहासिक कादंबरी लिहायची होती. आपल्याकडचे राजे नकोत, कारण ते सगळेच लिहितात, आणि एखादं वाक्य चुकलं तर गल्लीतले लोक दारात येऊन उभे राहतात. म्हणून बाईसाहेबांनी गॉथ निवडले. गॉथांचं कोणी सोलापुरात राहत नव्हतं. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या एका जाडजूड इंग्रजी इतिहासात त्यांच्यावर एक प्रकरण होतं, ते तिने शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. उत्तरेकडून आलेले हे लोक दोन-अडीचशे वर्षं स्पेनवर राज्य करत होते. आठव्या शतकात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरब आणि बर्बर सैन्य चिंचोळा समुद्र ओलांडून आलं, एका लढाईत गॉथांचा राजा नाहीसा झाला आणि काही वर्षांत सगळं राज्य कोसळलं. एवढ्या भांडवलावर चारशे पानं! उरलेलं तिने घरचं घातलं. तिचे गॉथ सकाळी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन शिकारीला जात. स्पेनच्या नद्यांच्या काठी बाभळी होत्या. राणी लढाईला निघालेल्या राजाला निरांजन लावून ओवाळी. राजा तर थेट वाचनालयात येणाऱ्या एका उंच मुलावरून उतरवलेला होता. तो मुलगा तिच्याशी आयुष्यात एकदाच बोलला होता, "पेन आहे का?" एवढंच. पण राजाच्या तोंडी तिने त्याला पानंच्या पानं बोलायला लावलं.

आता असला राजा मारवतो का कोणाला? शेवटच्या प्रकरणात तो नदीच्या रोखाने घोडा फेकतो आणि पुढे तीन टिंबं. इतिहासात त्याचं प्रेत सापडलं नाही असं सांगतात, त्याचा या बाईने फायदा घेतला. एका प्रकाशकांनी "शेवट नाही" म्हणून बाड परत पाठवलं. वाचनालयातला मुलगा कुठेतरी लग्न करून मोकळा झाला, मीही केलं, राजा मात्र चाळीस वर्षं माझ्या ट्रंकेत घोड्यावर बसून होता.

सीबला येताना ते बाड मी बरोबर आणलं, मुलगी आणि जावई ऑफिसला गेल्यावर नीट लिहून काढू म्हणून. आपांना एकदा ते टेबलावर दिसलं. त्यांची शाळा उर्दू, तीही चौथीपर्यंत, त्यामुळे मराठी वाचता येत नव्हतं. "वाचून दाखव तर," म्हणाल्या. तेव्हापासून रोज, दुपारची असरची नमाज झाली की त्या येत, मी बिनदुधाचा सुलेमानी चहा करी आणि वाचन चाले. ओवाळण्याच्या प्रसंगाला त्यांनी मला थांबवलं होतं.

"हे ख्रिस्ती ना गो?"

"हो."

"मग ओवाळतात कसे?"

"मला तेव्हा दुसरं काही माहीत नव्हतं, आपा."

"चालू दे. बिचारी प्रेमाने करते हाय."

असं सगळं त्या खपवून घेत. पण तिकीट निघालं तेव्हा आम्ही नेमक्या त्या जागी पोचलो होतो जिथे मला पोचायचं नव्हतं. समुद्रापलीकडचं सैन्य येतं ते प्रकरण. मुलीने मला आधीच बजावलं होतं, "आई, ते त्यांच्यासमोर वाचू नकोस हं. शेजार आहे." मी म्हटलं, मी काय खुळी आहे? मी ते प्रकरणच गाळलं. चष्मा पुसायच्या निमित्ताने पानांचा गठ्ठा उलटला आणि एकदम रणांगणावर आले.

दोन मिनिटं आपांनी ऐकलं. मग म्हणाल्या, "राजा काल गडावर जेवत होता. आज लढतोय. कुणाशी?"

"शत्रूशी."

"शत्रू आला कुठून? आभाळातून पडला?"

"समुद्रावरून. ते विशेष नाही, म्हणून..."

"शाळेत नाय गेले मी जास्त, पण कान हायत मला. आठ-धा पानं उलटलीस तू. ते आमचे लोक, होय ना? आणि त्यांच्याबद्दल काहीतरी घाण लिहिलंयस."

"आपा, मी तेव्हा मूर्ख होते."

"आता हायस का नाय, ते ऐकून सांगते. वाच."

वाचलं. दुसरा इलाज नव्हता. 'तांबारलेल्या डोळ्यांचे ते काळेकभिन्न राक्षस घोड्यांवर स्वार होऊन, नंग्या तलवारी परजीत, खदाखदा हसत नौकांतून येत होते.' अशी आठ पानं. आयुष्यात एकाही मुसलमानाच्या घरात चहा न प्यालेली ती तेवीस वर्षांची मुलगी माझ्याच आवाजात बोलत होती, आणि मला तिचा गळा धरावासा वाटत होता. आपांनी चहाचा कप खाली ठेवला तो परत उचलला नाही.

"एवढंच?" त्या म्हणाल्या, आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. त्यांच्या दारात रिकामी खोकी येऊन पडलेली दिसत होती. महिन्यातले दिवस असे जात होते आणि मी दाराच्या भोकातून बघत बसले होते, एखाद्या सासुरवाशिणीसारखी. माफी मागायला जायचं तर काय म्हणून? मी नव्हे, त्या मुलीने लिहिलं म्हणून?

चौथ्या दिवशी बेल वाजली.

"तीन दिस रागावले होते," आपा म्हणाल्या. "आता पुरे. राग धरायला माझ्याकडे दिवस कुठायत? चप्पल घाल."

"कुठे?"

"चल तर. आणि तांबडे डोळे काय गो? आमचे हे झोपेतून उठले की अस्सेच दिसतात. त्यांनी अजून कुणाचं राज्य नाय घेतलं."

हसावं की नाही ते मला कळेना. त्याच हसल्या, तेव्हा मी हसले.

समुद्र आमच्या इमारतीपासून दोन गल्ल्यांवर. सकाळी मासेमारी आटोपून कोळी होड्या पिकअपला दोर बांधून वाळूवर ओढतात, आणि दुपारनंतर तिथे निवांत असतं. एक म्हातारा ओमानी जाळं विणत बसला होता. आपा त्याच्याशी अरबीत काहीतरी बोलल्या, त्याने मान हलवून आपली होडी दाखवली. अर्धी वाळूवर, अर्धी पाण्यात.

"चढ," आपा मला म्हणाल्या.

"मी?"

"तू घोडा."

"आपा, मी त्रेसष्ट वर्षांची आहे."

"म्हातारा घोडा. चढ."

चढले. पंजाबी ड्रेस गुडघ्यापर्यंत वर धरून होडीत उभी राहिले. आपांनी आणि त्या म्हाताऱ्याने मिळून होडी जरा पाण्यात लोटली. पहिली लाट आली तेव्हा मी हात पसरले. दुसरी आली तेव्हा धप्पकन खाली बसले, तीही ओल्या जाळ्यावर.

"बसलास ना घोड्या?" आपा ओरडल्या. "आता तुझ्या पाठीवर माणूस बसव, त्याच्या हातात तलवार दे, आणि त्याला खदाखदा हसायला सांग!"

म्हातारा मला हात देऊन उतरवत होता. ही बाई करतेय काय, असं त्याने विचारलं असावं, कारण आपा म्हणाल्या, "हुसान," म्हणजे घोडा. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि अतिशय गंभीरपणे मान डोलावली.

मग वाळूवर बसून आपांनी मला सांगितलं. त्यांचे वडील खाडीपलीकडे बैल न्यायचे. होडीत आधी वाळू पसरायची, म्हणजे खूर सरकत नाहीत. बैलाच्या डोळ्यांवर फडकं बांधायचं. धन्याने त्याच्या तोंडाशी उभं राहायचं आणि पैलतीर येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं, काहीही, घरचं, शेतातलं, पण थांबायचं नाही. "एक हात दाव्याला, दुसरा मानेवर. बैल बिथरला तर सगळे पाण्यात. तलवार परजायला हात कुठे रिकामा? आणि निम्मे लोक तर ओकत असतात."

सोलापूरच्या त्या मुलीने समुद्र पाहिलाच नव्हता. तिचे घोडेस्वार तिने गावातल्या एखाद्या पुतळ्यावरून उचलून तसेच्या तसे होडीत ठेवले होते. माझ्या राक्षसांना त्या संध्याकाळी पहिल्यांदा हात मिळाले, आणि दोन्ही हात गुंतलेले होते.

ती आठ पानं मी फाडली. नवी बारा लिहिली. रात्रभर ओकून पिवळे पडलेले, आपल्या घोड्याच्या कानात आपल्या गावाबद्दल पुटपुटणारे लोक. आपांनी ती ऐकताना चारदा दुरुस्त्या सांगितल्या, वाऱ्याच्या, दोराच्या, गोड्या पाण्याच्या पिंपांच्या. मग लढाई झाली. बारा तारीख आली, तेरा आली. समोरच्या घरातल्या भिंती मोकळ्या झाल्या.

"मेला नाय का अजून?"

"नदीपर्यंत पोचलाय."

"चाळीस वर्षं नदीपर्यंतच पोचलाय तो. लाज वाटू दे."

पंधराच्या सकाळी, पोहे गॅसवर टाकून, मी एकदाचा त्याला मारला. नदीकाठच्या चिखलात घोडा रुतला, राजा पडला, आणि उठला नाही. दोन पानं. वाचनालयातला तो मुलगा मला एकदाही आठवला नाही, हे नंतर लक्षात आलं. वही घेऊन समोर गेले तेव्हा दोरीने बांधलेल्या खोक्यांशिवाय बसायला काही नव्हतं. आपा एका खोक्यावर बसल्या, मी दुसऱ्यावर. यजमान खाली गाडीत सामान लावत होते, त्यांचा मुलगा वर-खाली करत होता.

मी वाचून संपवलं. आपांनी डोळे मिटले आणि हलकेच म्हटलं, "इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन." त्यांच्यात कुणी गेल्याचं कळलं की म्हणतात ते. माझ्या कागदी, ज्वारीची भाकरी खाणाऱ्या राजासाठी.

"मरताना जवळ कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही. एकटाच."

"असं नको. कुणीतरी लिही."

"त्याचे सगळे लोक पळाले, आपा."

"मग आमच्यातला कुणीतरी लिही. तो होडीत ओकत आलेला. पाणी तरी घालेल तोंडात."

जिन्यातून मुलाची हाक आली. "अम्मी, यल्ला! विमान थांबणार नाही!"

"थांब रे!" आपा ओरडल्या. "हितं माणूस मरतंय!"

मी वही खोक्यावर ठेवली आणि लिहायला लागले. एक सैनिक चिखलातून वाकून येतो, चामड्याच्या पखालीतलं पाणी ओंजळीत घेतो, आणि कोणाच्या तोंडात घालतोय ते न विचारता घालतो. चार ओळी झाल्या. मोठ्याने वाचून दाखवल्या.

"हां," आपा म्हणाल्या. "आता मेला."

आणि पर्स काखेत मारून जिना उतरल्या.