कडी न लावलेली खोली

म्हशीच्या अंडाशयातली कच्ची बीजांडं बारीक लाल लेझरखाली धरली तर ती चांगली पिकतात का, एवढाच माझ्या प्रबंधाचा विषय. नांदेडच्या कत्तलखान्यातून अंडाशयं कोमट सलाइनच्या थर्मासमध्ये आणायची, बीजांडं काढून दोन बशांत वाटायची, एका बशीला लेझर द्यायचा, दुसरीला नाही. खोलीत मात्र पूर्ण अंधार हवा. ऐकायला सोपं, पण वर्षभरात मी रडकुंडीला आले होते. दोन्ही बशा दर वेळी सारख्याच निघत.

तिकडे लातुरात माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, क्लासला पोरं मावत नव्हती. "बायोलॉजीला मास्तर मिळंना. तुझं ते जमत नसंल तर ये की इकडं," ते फोनवर म्हणायचे. मला मुळीच जायचं नव्हतं. पण गाइडनी बजावलं होतं, पुढच्या खेपेला फरक दिसला नाही तर विषय बंद.

त्याआधी गाइड एकदा माझं काम पाहायला आले. मी लेझर सुरू केला आणि त्यांनी मागे वळून पाहिलं. दार नुसतं लोटलेलं. फटीतून व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटचा उजेड थेट दोन्ही बशांवर पडला होता.

"कडी का नाही लावत तुम्ही?"

मी लहान असताना लातूरकडच्या भूकंपात शेजारची माणसं कडी अडकल्यानं आतच राहिली होती. त्यानंतर अण्णांनी आमच्या घरातल्या सगळ्या कड्या उचकटून काढल्या. बाथरूमलासुद्धा नुसता पडदा. दार लावायचं असतं हेच मी विसरून गेले होते. गाइड पुण्याकडचे, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. चिडले नाहीत, "वर्ष फुकट गेलं" एवढंच म्हणाले. मला त्यांचाही राग आला आणि स्वतःचाही.

पुढच्या खेपेला मी कडी लावली. तो लाल ठिपका सोडला तर काही दिसत नव्हतं. वेळ संपेपर्यंत कशीबशी उभी राहिले, मग बाहेर येऊन पायरीवर ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली लेझरच्या बशीतल्या बीजांडांभोवतीच्या पेशी छान फुलून पसरल्या होत्या, म्हणजे बीजांडं पिकली होती. दुसऱ्या बशीतल्या बऱ्याचशा आवळलेल्याच होत्या. गाइड म्हणाले, विषय चालू ठेवा, अजून बऱ्याच खेपा कराव्या लागतील. मी लगेच लातूरला फोन लावला. कडी लावून केलं, जमलं, आता क्लासला येणार नाही, असं एका दमात सांगून टाकलं.

"पोरी," अण्णांनी विचारलं, "आता उघडलीस ना कडी?"