निरवांगीचा ट्रेनर

व्यायाम शिकवायला मी सासुरवाडीचा माणूस लावला. चूक म्हणाल तर एवढीच.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. गोठ्यातल्या खांबाला मी एकदा “या आबा, बसा” म्हणालो, तेव्हा बायकोनं मला धरून बारामतीला नेलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, साखर फार आहे, ती तीन महिन्यांत खाली आणा, मगच ऑपरेशन. तोवर मोटारसायकलला हात लावायचा नाही. म्हणजे तीन महिने बायकोच्या स्कूटीवर मागे बसायचं, तेही मांडीवर भाजीची पिशवी घेऊन. गावात लोक हातातलं काम टाकून बघायचे.

डॉक्टरांनी बजावलं होतं, “आहारतज्ज्ञ आणि ट्रेनर, दोघंही मधुमेह जाणणारे बघा. काय शिकलेत ते विचारा.”

आहारतज्ज्ञ बाई त्याच दवाखान्यात बसायच्या. शिकलेल्या होत्या, पण वागायला कोरड्या. गाव विचारलं नाही, पाहुणे कुठले विचारलं नाही. थेट म्हणाल्या, “भाकरी किती खाता?”

मी म्हणालो, “दोन.” शेजारी बायको खोकली. बाईंनी चार लिहिलं. असल्या माणसाशी आपलं जमायचं नाही हे मी तिथंच ओळखलं. त्यांनी दिलेला कागद घडी घालून खिशात ठेवला आणि पुढं तो सदऱ्याबरोबर धुण्यात गेला.

ट्रेनर मात्र मी पारखून घेतला. एमआयडीसीच्या रस्त्याला एक जिम होती. आत एक दांडगा गडी उभा. त्याला मी एकच प्रश्न विचारला, “गाव कोणतं?”

“निरवांगी.”

“अरे, मग मी तुमच्या गावचा जावई!”

गड्यानं हातातलं वजन खाली ठेवलं आणि वाकून पाया पडला. “दाजी! आदी सांगायचं न्हाय व्हय?” शिक्षण विचारायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

त्या दिवसापासून माझं सोनं झालं. इतरांवर तो खेकसायचा, मला खुर्ची द्यायचा. सहा उठाबशा झाल्या की टॉवेल घेऊन हजर. “बास दाजी, लई झालं. अक्काला कळलं तर मला उभा चिरंल.” पळायच्या पट्ट्यावर मी चालायचो, तो शेजारी उभा राहून सासुरवाडीच्या खबरी सांगायचा. पाचव्या मिनिटाला पट्टा बंद करून चहा मागवायचा, साखरेचा. मी एकदा दुबळा विरोध केला, तर म्हणाला, “जावयाला फिका चहा? गावात तोंड दावायला जागा राहील का मला?”

मला पटलं. इतकं शास्त्रशुद्ध कुणी आजवर समजावलं नव्हतं.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. साखर होती त्याहून वर, वजन दोन किलोंनी जास्त. डॉक्टरांनी ऑपरेशन पुढं ढकललं आणि आम्हांला पुन्हा आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. ट्रेनरही सोबत होता. दाजींची पिशवी धरायला म्हणून आला होता.

बाईंनी त्यालाच विचारलं, “तुम्ही यांच्याकडून व्यायाम का करून घेतला नाही?”

गडी खाली बघत म्हणाला, “म्याडम, जावयाला कान धरून उठाबशा काढायला लावायची आमच्यात रीत न्हाय. दाजी बसा म्हणलं की बसत्यात. उठा कसं म्हणायचं?”

त्याचं काय चुकलं, हे मला आजही सांगता येत नाही. बाईंनी नवा कागद लिहिला. खाली दुसऱ्या ट्रेनरचा नंबर दिला. मधुमेहाच्या पेशंटांनाच शिकवणारा, शिकलेला. आणखी तीन महिने मागच्या सीटवर काढायचे होते, त्यामुळे मीही या खेपेला गंभीर होतो. कागद नीट डोळ्यांजवळ धरला, चांगल्या डोळ्यानं दोनदा वाचला आणि विचारलं,

“नंबर हाय, पण ह्याचं गाव कोणतं?”

बायकोनं कागद माझ्या हातातून ओढून घेतला.

“गाव कशाला पायजे? तीन महिनं सासुरवाडीचं धोंड्याचं जेवण जेवून पोट भरलं न्हाय व्हय तुमचं?”