मीच लिहिलेलं शिफारसपत्र

मॅडम पेनाचं टोपण दातांत धरून माझ्या शिफारसपत्रावर सहीची जागा शोधत होत्या. पत्र मीच लिहिलं होतं. "तूच लिहून आण गं, मी सही करते," असं त्या सगळ्यांनाच सांगतात. शिष्यवृत्ती मिळाली तरच मला एम.ए. करता येणार आहे, म्हणून मी स्वतःचं जमेल तितकं कौतुक केलं. इंग्रजीत ते निभावलं. मराठीत लाज वाटली असती.

मध्येच त्या थांबल्या. "वर्गातल्या चर्चेत पुढाकार? तू?" त्या हसल्या. "बाई गं, तीन वर्षांत तुझा आवाज आज पहिल्यांदा ऐकतेय." आणि सही करून त्यांनी शिक्का मारला.

ओळखणारं कुणी नसलं की आपली ओळख आपल्यालाच लिहावी लागते, आणि लिहिता लिहिता ती दुसऱ्याच कुणाची तरी होऊन जाते. खरं लिहायचं तर काय लिहिणार होते? ही मुलगी रोज खिडकीजवळ बसायची, एवढंच.

शिक्क्याची शाई वाळेपर्यंत मी कागद हातात धरून व्हरांड्यात उभी राहिले. पत्रातल्या त्या धीट मुलीला मुलाखतीला नक्की बोलावतील. जायचं मात्र मला आहे.