नको-नको करणाऱ्यांचा इंग्रजीचा वर्ग

नव्वदच्या दशकात मी महाडला शाळेत इंग्रजी शिकवायचे, आणि संध्याकाळी आखातात निघालेल्या बाप्यांना. तेही फुकट. बाजारातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्या चाचांनी आपला गाळा दिला होता, बसायला जुने टायर. बिरवाडीचे वेल्डर, पोलादपूरचा एक आचारी, चार-दोन ड्रायव्हर. मी अर्धं मराठीत शिकवायचे, अर्धं इंग्रजीत, आणि ओरडायचे दोन्हींत.

गाळा देण्यात चाचांचा स्वार्थ होता. त्यांच्या मुलीचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं, तो ट्रकड्रायव्हर माझ्या वर्गात होता. चाचांची अट एकच: आधी आखातातली नोकरी, मग निकाह. मुलीचा त्याच्यावर जीव होता. पण गडी मुलाखतीत दोनदा आपटला होता आणि चाचा आता दुसरं स्थळ बघायची भाषा करत होते.

तो का आपटतो हे मला कळेना. इंग्रजी तर बरं होतं त्याचं. म्हणून एकदा मी नवऱ्याचा गॉगल लावला, डोक्यावर टॉवेल घेतला आणि अरब साहेब झाले. त्याने सगळी उत्तरं फाडफाड दिली. शेवटी मी इंग्रजीत विचारलं, आमच्याकडे काम करणार का? तो लाजला.

"नो, नो, सर."

"अरे बाबा, नो कशाला?"

"बाई, पयल्याच खेपेला हो म्हटलं तर मानूस हावरा दिसतो. परत इचारतील ना."

कपाळ माझं! आपल्याकडे पाहुणा चहाला दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा बशी तोंडाला लावतो, हे त्या अरबाला कोण सांगणार? आणि बाकीचे सगळे माना डोलावत होते, की त्याचं बरोबर आहे म्हणून.

मग मी दुसरं काही शिकवलंच नाही. भज्यांची परात फिरवायची, इंग्रजीत विचारायचं, आणि जो नको म्हणेल त्याची भजी शेजारच्याला. पहिल्या दिवशी आचारीच उपाशी गेला. पुढे मात्र मंडळी अशी तयार झाली की माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत 'येस सर' यायचं. ड्रायव्हर तर होणाऱ्या सासुरवाडीला जेवायला गेला आणि प्रत्येक आग्रहाला हो म्हणत सुटला. दुसऱ्या दिवशी चाचांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाई, पोराला पोटाचा काय आजार हाय का?"

तिसऱ्या मुलाखतीत नोकरी लागली. ईदनंतर निकाह ठरला. चाचांनी पेढे वाटले आणि मी उगाच मिरवून घेतलं.

मग एका मंगळवारी वर्ग चालू असताना गाळ्यातला फोन वाजला. मुंबईचा एजंट होता. ड्रायव्हर ताठ उभा राहिला. "येस सर. येस सर. येस सर." फोन ठेवून आमच्याकडे बघून हसला. "विसा आला. शुक्रवारचं विमान."

"आणि निकाह?" चाचा म्हणाले. "आता दोन वर्सं सुट्टी नाय तुला. महिनाभर थांबा म्हनायला काय झालं होतं?"

त्याचा चेहरा पडला. "बाईंनी नको म्हनायचं बंद केलं ना."

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. चाचा पाय आपटत घरी गेले. तिथे मुलीने बापाला समोर उभं राहून सांगितलं, गुरुवारी निकाह लावा, नाहीतर मी दोन वर्षं जेवणार नाय. चाचा तसेच काझींकडे गेले. गुरुवारी निकाह झाला. बिर्याणी आमच्या आचाऱ्याने केली आणि वेल्डरांनी वाढली.

शुक्रवारी पहाटे त्याची जीप मुंबईला निघाली. जीप दिसेनाशी झाली तरी चाचांची मुलगी रस्त्यातच उभी होती, हातावरची मेंदी अजून ताजी, लालभडक. मला वाईट वाटत होतं, आणि त्या एजंटाचा रागही येत होता.

"बाई," ती म्हणाली, "बायकोला तिकडं नेतात, तिला किती इंग्लिश यावं लागतं?"

ड्रायव्हरच्या पगारावर बायकोचा व्हिसा मिळत नाही. इंग्रजीचा त्यात काही संबंध नाही. मला ते चांगलं ठाऊक होतं.

"सोमवारपासून ये," मी म्हटलं.